संक्रांतीची हातची शुभेच्छापत्रे : लहान मुलांकडून करून घेण्याची रीत

मकरसंक्रांतीला जो भेटेल त्याच्या हातावर तिळगूळ ठेवायचा आणि जो दूर आहे त्याला तो टपालाने पाठवायचा, अशी आपल्या घरांतली रीत होती. डिसेंबर संपत आला की स्टेशनरीच्या दुकानांत छोटी छापील कार्डे आणि त्यांच्या मापाची पाकिटे येत. कार्डावर पतंग, सुगडे किंवा हलव्याचे दागिने घातलेले बाळ असे. आत हलव्याचे चार-सहा दाणे घालून ही पाकिटे इंदूरहून पुण्याला, साताऱ्याला, ग्वाल्हेरला, बडोद्याला जात आणि तिकडूनही तशीच येत. आता संक्रांतीच्या सकाळी तेच एक चित्र दहा गटांवरून मोबाइलवर येते आणि संध्याकाळपर्यंत जागा मोकळी करण्यासाठी पुसलेही जाते.

आम्ही काही निवृत्त सभासद गेली काही वर्षे जानेवारीच्या सुरुवातीला मंडळातल्या ३ ते ८ वर्षांच्या मुलांना घेऊन बसतो आणि त्यांच्याकडून ही कार्डे करून घेतो. इतर गावांतल्या मंडळांकडून आणि घरोघरच्या आजी-आजोबांकडून विचारणा होते, म्हणून साहित्य, कृती, मजकूर आणि टपाल यांची सविस्तर माहिती येथे एकत्र देत आहोत.

थोडी पार्श्वभूमी

सणाचे छापील शुभेच्छापत्र ही मूळची विलायती कल्पना. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांनी चित्रकार हॉर्सली यांच्याकडून नाताळचे कार्ड काढून घेतले, ते पहिले व्यापारी कार्ड मानले जाते. त्याच्या तीन वर्षे आधी तिथे एका पेनीत पत्र जाऊ लागले होते. टपाल स्वस्त झाले म्हणून कार्डाची प्रथा पसरली. आपल्याकडे १८५४ मध्ये देशभर एकसारखी टपाल तिकिटे आली आणि १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. पुढे दिवाळीची आणि संक्रांतीची कार्डे रुजली. बंद पाकिटापेक्षा 'बुक पोस्ट'ने खर्च कमी येई, म्हणून पाकिटाची झडप न चिकटवता नुसती आत खोचायची, हे आमच्या पिढीतल्या पुष्कळांना आठवत असेल.

संक्रांतीच्या कार्डात मात्र एक गोष्ट अस्सल आपली होती. कागदाबरोबर खाऊही जात असे. लहान मुलाला ही कल्पना लगेच पटते. 'शुभेच्छा' म्हणजे काय हे त्याला सांगून कळत नाही, पण 'आजीला खाऊ पाठवायचा' हे कळते.

काळा कागद का निवडावा

संक्रांत थंडीतली. या दिवशी काळे वस्त्र नेसण्याची आपल्याकडे पद्धत आहे. काळी चंद्रकळा आणि तीवर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने हे नव्या सुनेचे आणि बोरन्हाणातल्या बाळाचे रूप. कार्डासाठी यापेक्षा सोपी रंगसंगती शोधून सापडणार नाही. काळ्या कागदावर पांढरे ठिपके काढले की हलवा झाला. ठिपका तीन वर्षांच्या मुलालाही जमतो, आणि तो थोडा इकडेतिकडे पडला तरी बिघडत नाही. पतंग आणि तीळ हे दोन आकारही कात्रीला व बोटाला सोपे आहेत.

साहित्य (१२ मुले, प्रत्येकी २ कार्डे)

- काळा कार्डशीट, ए-४ मापाचा, २५० जीएसएम जाडीचा : १२ कागद. एका कागदात २ कार्डे होतात. इंदूरमध्ये खजुरी बाजारात सुटे कागद मिळतात.
- पांढरा साधा कागद : आतल्या मजकुरासाठी ९ × १३ सेंटिमीटरचे ३० तुकडे. सहा जास्तीचे धरले आहेत, कारण लिहिताना चुकते.
- पतंगाचा कागद : ४-५ रंगांचे ताव.
- पांढरा पोस्टर रंग : १ बाटली, आणि कान साफ करायच्या कापसाच्या काड्या. लहान मुलांना ब्रशपेक्षा काडी बरी पडते.
- पांढरे तीळ : ५० ग्रॅम चिकटवण्यासाठी, १०० ग्रॅम भाजलेले पुडीसाठी. दोन्ही वाट्या वेगळ्या ठेवाव्यात आणि चिकटवायच्या वाटीवर खूण करावी.
- गोल टोकाच्या कात्र्या ४, जाड पेन्सिली १२, पट्ट्या २.
- साधी पांढरी पाकिटे : सुमारे ११.५ × १६ सेंटिमीटर मापाची २४.
- खळ : कृती खाली.

खळ घरी करावी. दोन मोठे चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा, मग एकूण एक पेला पाणी होईल इतके पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहावे. चार-पाच मिनिटांत मिश्रण दाट आणि किंचित पारदर्शक होते. गार झाल्यावर वापरावे व दुसऱ्या दिवशी टाकून द्यावे. पूर्वी पुस्तकबांधणीच्या खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विषारी आहे. मुलांच्या खळीत ते चुकूनही घालू नये, कारण या वयाची मुले बोटे चाटतातच. चमकीची पूडही टाळावी, ती डोळ्यांत जाते आणि खाऊच्या पुडीतही शिरते.

वयाप्रमाणे काम

*३ ते ४ वर्षे :* अंगठ्याचे ठसे आणि काडीने ठिपके. एका वेळी पंधरा-वीस मिनिटांहून जास्त बसवू नये. एक कार्ड झाले तरी पुरे.

*५ ते ६ वर्षे :* आखलेल्या रेषेवरून पतंग कापणे, तीळ चिकटवणे, 'तिळगूळ' हा एक शब्द लिहिणे आणि खाली नाव.

*७ ते ८ वर्षे :* पूर्ण वाक्य, नात्याचा मायना आणि पाकिटावरचा पत्ता.

*मोठ्यांनी :* कागद कापणे, पट्टी लावून घडी पाडणे, खळ शिजवणे. एवढेच. चित्राला आणि अक्षराला हात लावू नये. याचे कारण पुढे सांगितले आहे.

कृती

१. ए-४ कागद मधोमध कापून दोन तुकडे करावेत. प्रत्येक तुकडा आडवा दुमडला की साधारण १०.५ × १५ सेंटिमीटरचे कार्ड होते. जाड कागद नुसता दुमडला तर घडीवर तडकतो. आधी पट्टी ठेवून बंद पेनाच्या टोकाने रेघ ओढावी, मग दुमडावा.

२. प्रत्येक मुलाला आधी विचारावे, 'कार्ड कोणाला?' नाव ठरल्याशिवाय कामाला सुरुवात करू नये. 'नागपूरच्या आत्याला' असे ठरले की मूल त्या आत्यासाठी काम करते. नुसते 'छान कार्ड कर' म्हटले तर ते शेजारच्या मुलाचे बघून करते.

३. पतंगाच्या कागदाचे ६ सेंटिमीटरचे चौकोन द्यावेत. पतंग कार्डाच्या वरच्या भागात तिरका चिकटवावा. शेपटी मुलाला हवी तिकडे जाऊ द्यावी.

४. पतंगाखाली काडीने पांढरे ठिपके काढावेत. हार, बांगडी, मुकुट, नुसती रांग, काहीही चालते. ज्यांना काडी धरता येत नाही त्यांचा अंगठा पांढऱ्या रंगात बुडवून ठसा घ्यावा. अंगठ्याचा ठसा आणि तिळाचा आकार यांत फार फरक नाही.

५. सात-आठ वर्षांच्या मुलांनी खळीने बोटभर रेघ ओढून तीवर तीळ भुरभुरावेत आणि जास्तीचे झटकावेत. चिकटवलेले तीळ खायचे नाहीत, हे सुरुवातीलाच एकदा सांगावे.

६. वाळायला किमान दोन तास द्यावेत. थंडीत खळ सावकाश वाळते. तेवढ्या वेळात मजकुराचा कागद लिहून घ्यावा आणि शेवटी आत चिकटवावा.

मजकूर आणि 'ळ'

आपल्या गावात या कामाचा खरा कस इथे लागतो. मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. देवनागरी त्यांना हिंदीतून येते, आणि हिंदीच्या शालेय वर्णमालेत 'ळ' नाही. माळवी बोलीत हा उच्चार आपण रोज बाजारात ऐकतो, पण मुलांच्या वहीत त्याचे अक्षर येत नाही. त्यामुळे घरी नीट 'तिळगूळ' म्हणणारे मूल कागदावर 'तिलगुल' लिहिते. त्यात त्याची चूक नाही, त्याला ते अक्षर कोणी दाखवलेलेच नसते.

'तिळगूळ घ्या, गोड बोला' या वाक्यात मोजून नऊ अक्षरे आहेत आणि त्यांतली दोन 'ळ' आहेत. म्हणजे हे एकच वाक्य लिहिले तरी आपले खास अक्षर दोनदा गिरवून होते. ही संधी आम्ही सोडत नाही.

शिकवण्याची रीत सोपी आहे. आधी आडवी रेघ, म्हणजे घरातली दांडी. तिला मधोमध एक छोटी दोरी. दोरीच्या खाली शेजारी शेजारी दोन तिळाचे लाडू, एकमेकांना टेकलेले. 'ळ' झाला. आधी बोटाने पाटावर पसरलेल्या तिळांत काढायला लावावा, मग खडूने फरशीवर मोठा, मग कागदावर. पहिल्या दिवशी एक लाडू मोठा आणि एक लहान होतोच.

अक्षरात चित्र पाहण्याची ही युक्ती आमच्या डोक्यातून निघालेली नाही. इंदूरचे चित्रकार विष्णू चिंचाळकर, म्हणजे सगळ्यांचे गुरुजी, वाळकी पाने, काटक्या आणि टाकाऊ वस्तूंतून चित्रे उभी करत. अक्षरांतून आणि अंकांतून चित्रे काढण्याचे 'खुलते अक्षर खिलते अंक' हे त्यांचे मुलांसाठीचे हिंदी पुस्तक प्रसिद्ध आहे. ज्या गावात गुरुजी होऊन गेले त्या गावातल्या मुलांना अक्षर म्हणजे ओझे वाटू नये, एवढीच आमची खटपट आहे.

मोठ्या मुलांना मायनाही शिकवावा. आजी-आजोबा, काका-काकू यांना 'ती.' लिहून 'साष्टांग नमस्कार', आपल्यापेक्षा लहान असेल त्याला 'चि.' आणि 'अनेक आशीर्वाद'. आठ वर्षांच्या मुलाला पाच वर्षांच्या मामेभावाला आशीर्वाद लिहिताना फार आनंद होतो, असा आमचा अनुभव आहे. मायन्याखाली एक ओळ त्याच्या मनाची असावी. 'माझा दात पडला', 'आमच्याकडे गिल्ली-डंडा खेळतात', काहीही. हिंदी शब्द आला तर येऊ द्यावा.

मोठ्यांचा हात : आमची एक चूक

पहिल्या वर्षी आमच्याकडून एक चूक झाली, ती सांगणे आवश्यक आहे. मुलांनी लिहिलेले कागद आम्ही गोळा केले तेव्हा निम्म्यांवर 'तिलगुल' होते, काहींवर ओळी उतरत गेल्या होत्या. बाहेरगावी मंडळाचे नाव जाणार, म्हणून आम्ही दोघा-तिघांनी बसून सगळे मजकूर स्केचपेनने नीट लिहून काढले आणि मुलांचे कागद बाजूला ठेवले. कार्डे देखणी झाली. आठवड्याने कोल्हापूरहून एका आजींचा फोन आला. कार्ड मिळाले, छान आहे म्हणाल्या, आणि मग विचारले, "पण हे अक्षर कोणाचं? आमच्या नातीचं कुठे आहे?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. आमच्यापैकी दोघांचे आयुष्य बँकेत गेले. तिथे टाइप केलेल्या नावाला किंमत नसते, सहीला असते. ज्याला सही येत नाही त्याच्या अंगठ्यावर पैसे देतात, पण त्याच्या वतीने दुसऱ्याने केलेल्या सुंदर सहीवर देत नाहीत. हे पस्तीस वर्षे पाळून आम्ही मुलांच्या बाबतीत मात्र विसरलो. बाजूला ठेवलेले कागद शोधून आम्ही दुसऱ्या पाकिटातून पाठवले. त्यांत त्या नातीचाही होता.

तेव्हापासूनचा नियम असा. अक्षर चुकले तर काम चालू असताना तोंडी सांगावे, फळ्यावर दाखवावे, हवा तर नवा कागद द्यावा. मुलाने लिहिलेल्यावर लाल पेन चालवू नये आणि गिरवूनही देऊ नये. दुसऱ्यांदाही 'तिलगुल' आले तर तसेच जाऊ द्यावे. पुढच्या वर्षी त्याच आजींनी नातीला उलट पोस्टकार्ड पाठवले. त्यावर हाताने काढलेला तळहाताएवढा 'ळ' होता आणि खाली लिहिले होते, 'असा काढ बरं बाळ'. ती मुलगी आता 'ळ' लिहायला कधी चुकत नाही. 'बाळ' शब्दातही तोच 'ळ' आहे, हे तिने आम्हालाच दाखवून दिले.

पत्ता, वजन आणि टपाल

पत्ता मुलाने लिहावा, निदान नाव आणि पिनकोड तरी. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ आणि संस्कृतचे कवी होते. सहा आकड्यांतला पहिला आकडा विभाग दाखवतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा आकडा एकच, ४. इंदूरचा ४५२ आणि पुण्याचा ४११ शेजारी लिहून दाखवले की मुलांना मौज वाटते. आजीचे घर आणि आपले घर एकाच आकड्याने सुरू होते, हे ती घरी जाऊन सांगतात.

वजनाचा हिशेब आधीच करावा. साध्या पाकिटाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. अर्ध्या ए-४ कार्डशीटचे वजन सुमारे ८ ग्रॅम, पाकीट ४, आतला कागद १, चिकटवलेले सामान १. एकूण १४. उरलेल्यात छोटा चमचाभर, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम तीळ सहज बसतात. कार्डासाठी अख्खा ए-४ कागद वापरला तर नुसता कागदच साडेपंधरा ग्रॅम होतो आणि पाकीट टप्प्याबाहेर जाते. तिकीट कमी पडले तर दंड आजीला भरावा लागतो. शंका असेल तर टपाल कार्यालयात वजन करून घ्यावे.

खाऊची पुडी बटर पेपरची, चपटी घडी घालून करावी. लाडू किंवा वडी पाठवू नये. काटेरी हलव्याचा दाणा टणक असतो, शिक्का बसला की फुटतो आणि पाकिटाला भोक पडते. भाजलेले तीळ बरे. हलवाच पाठवायचा असेल तर बारीक दाण्याचा घ्यावा आणि पुडी तिकिटाच्या विरुद्ध कोपऱ्यात, म्हणजे खाली डावीकडे ठेवावी. परदेशी जाणाऱ्या पाकिटात तीळ घालू नयेत आणि कार्डावरही चिकटवू नयेत, रंगाचे ठिपके काढावेत. बियाणे आणि खाण्याच्या वस्तू टपालातून आणायला बऱ्याच देशांत मनाई असते.

शक्य असेल तर पाकीट मुलानेच पेटीत टाकावे. लाल पेटीची फट उंच असते, उचलून घ्यावे लागते. ज्यांच्याकडे टपालपेटी आता जवळ नाही त्यांनी मुलाला टपाल कार्यालयात न्यावे. आम्ही पाकिटे एका वहीत नोंदवतो : तारीख, मुलाचे नाव, कोणाला, कोणत्या गावी, आणि शेवटचा रकाना 'उत्तर आले का'. जुनी सवय आहे, पण उपयोगी पडते. उत्तर आले की मुलाला बोलावून त्या रकान्यात त्याच्याच हाताने खूण करायला लावतो.

वेळापत्रक

संक्रांत सध्या १४ किंवा १५ जानेवारीला येते. त्याआधी दहा-बारा दिवसांचा रविवार कामासाठी ठेवावा आणि दोन दिवसांत पाकिटे टाकावीत. उशीर झाला तरी खंत करू नये. तिळगूळ आणि हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते, तोवर पोहोचलेले कार्ड वेळेवरच समजावे. शेजारच्या हिंदी भाषक घरी द्यायचे कार्ड मात्र त्याच दिवशी, तिळगुळासह, मुलानेच हातात नेऊन द्यावे.

ज्यांच्याकडे बाहेरगावाहून असे कार्ड येईल त्यांना एक विनंती आहे. मोबाइलवर अंगठा दाखवून थांबू नये. पोस्टकार्ड ५० पैशांना मिळते. चार ओळी लिहाव्यात, मुलाचे नाव पत्त्यावर मोठ्या अक्षरांत घालावे, आणि मजकुरात एखादा 'ळ' अवश्य यावा.